तिसऱ्या कडव्यातला खड्डा

डिरे दावात, केझिराच्या झाडांखाली
माझं दुकान आता फोनची कव्हरं विकतं.
पाटीवर अजून ‘संगीत’ आहे.
खरवडायला रंगारी चारशे बिर्र मागतो,
म्हणून आहे.

पूर्वी भिंतभर कॅसेटी होत्या.
ट्रकवाले, शिपाई, जिबूतीहून कापड आणणाऱ्या बायका
चिठोऱ्यावर यादी देऊन जात,
मी रात्री भरून ठेवायचो.
गाणारा डेक विजेवर, ऐकणारा बॅटरीवर,
मध्ये हातभर वायर.
तासाभराच्या गाण्यांना तासच लागे.
मीही ऐकत बसायचो,
दुसरं करणार काय?

काल तिरुवर्क आली.
रेल्वेतल्या मेकुरियाची बायको. मेकुरिया गेला,
रेल्वे त्याच्याही आधी गेली.
सोबत नातू नाओद, कानांत पांढरी बोंडं.
म्हणाली, झेरीहून, माझी कॅसेट दे.
कुठली?
तूच भरलेली. डेचाटूच्या पुरात
गादी गेली, कोंबड्या गेल्या, तीही गेली.

नाओदनं फोन पुढे केला: आजी, यात आहे ना!
आणि होतंच.
धुऊन, वाळवून, इस्त्री केल्यासारखं.
चाळीस वर्षांत मला न ऐकू आलेली
एक घंटा मागे किणकिणत होती.
तिरुवर्क तिसऱ्या कडव्यापर्यंत थांबली,
मग मान हलवली.
इथे खड्डा हवा.

तेव्हा कुठे मला आठवलं.
त्या रात्री विजेचा दाब उतरला,
दिवा संत्र्याच्या सालीएवढा उरला,
डेक पेंगला,
आणि ‘परत ये’मधला ‘ये’
जड होत, रुंद होत
विहिरीच्या पायऱ्या उतरावा तसा खाली गेला.
मग वीज आली. बाईचा आवाज धापा टाकत वर आला.
पुन्हा भरायला हवं होतं.
टेप महाग होती, मला झोप आली होती.
दिली तशीच.

माझ्या त्या चुकीवर तीन पोरं वाढली.
तिरुवर्क सांगत होती: थोरलीच्या लग्नात
घरचे सगळे तिथे एकदम हळू झाले,
वाजंत्री पुढे निघून गेली,
आणि व्याही आमच्याकडे बघतच राहिले.

करून देतो, म्हटलं.
फोनवर अंगठा ठेवला की गाणंच बदलतं,
त्याचा इथे उपयोग नव्हता.
खालच्या खोक्यातून मूळ टेप काढली,
चार्जरांच्या गठ्ठ्यामागचा डेक पुसला,
आणि तिसऱ्या कडव्याशी
फिरत्या चाकावर बोट टेकवलं.
एवढं?
अजून थोडं.
आता?
आता जास्त झालं.

पाच वेळा केलं. नाओदनं कानातली बोंडं काढून
खिशात टाकली, मीही करून बघू का म्हणाला,
त्यानं केलं ते माझ्यापेक्षा बरं झालं.
तिरुवर्क डोळे मिटून ऐकत होती.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली,
चांगलं आहे रे. पण हे तुम्ही केलंत.
ते झालं होतं.

तरी घेतली. घासाघीस करून
वीस बिर्र कमी केले.
घरी लावायला यंत्र आहे का, मी विचारलं नाही,
तिनंही सांगितलं नाही.
कॉफीच्या दुसऱ्या कपाला बसली, तिसऱ्याला नको म्हणाली.
तेवढ्यात नाओदच्या खिशात
फोननं आपणहून दुसरं गाणं सुरू केलं होतं,
कुणी न मागितलेलं,
आणि वाईटही नव्हतं ते.

मग ती रस्ता ओलांडायला उतरली.
ओठांत तेच गाणं,
कारण बरोबर मध्यावर, भर रहदारीत,
तिची पावलं मंदावली,
जवळजवळ थांबलीच,
आणि मागच्या निळ्या बजाजवाल्यानं
भोंगा दाबून धरला.
तिनं ‘ये’ पुरता खाली उतरू दिला,
मगच पाय उचलला.