राणीचं नाक

इतवारी सराफ्यात, दुपारी तीनला,
कूलरच्या खसवर पाणी मारून झालं तेव्हा
कनकम्मा मुदलियार आल्या कामठीहून.
रुमालात सहा चमचे.
"वितळवून टाका जी. नातीची फी भरायची आहे."

मी आधी चमचा पालथा घातला.
विलायती चांदी पाठीवर बोलते.
भिंग डोळ्याला; दांड्याच्या बुडाशी
तांदळाएवढे पाच ठसे:
कारागिराची दोन अक्षरं,
पंजा उचलून निघालेला सिंह, म्हणजे माल चोख,
हजारात नऊशे पंचवीस;
नांगर, शेतातला नव्हे, जहाजाचा,
म्हणजे बर्मिंगहॅम.
तिथेही समुद्र नाही म्हणे. आपल्यासारखंच गाव.
मग सालाचं अक्षर, सी असेल नाहीतर जी,
एवढ्याशा आकड्याने चार वर्षं इकडची तिकडे.
शेवटी राणीचं मुंडकं, कर भरल्याची पावती.

गलाईवाला हणमंत, आटपाडीचा,
मूस तापवून उभा.
"ताई, घालू का?"
"थांब रे जरा."

राणीला नाक नव्हतं.
कपाळ होतं, अंबाडा होता, मान होती,
मधेच गुळगुळीत.
पडलं-बिडलं का हे, मी विचारलं.
"पडेल कशाला? घासलं.
आमचे खापरपणजे मद्रासच्या पलटणीबरोबर आले,
मेसमध्ये बटलर.
रोज रात्री चिंच, राख अन् हा अंगठा."
दाखवला त्यांनी स्वतःचाच,
जणू तोही रुमालात बांधून आणलेला.

माझ्याकडच्या पुस्तकात
चारशे कारागिरांच्या खुणा आहेत,
कोण कुठल्या गल्लीत बसायचा, कधी मेला.
अंगठ्याचं पान नाही.

पुसलेला ठसा वाचायची एक जुनी युक्ती आहे:
तोंड जवळ नेऊन हाऽऽ करायचं.
वाफ धरते, गेलेली रेघ
क्षणभर वर येते.
मी केलं. हणमंत वाकला.
कनकम्मांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला.
मे महिन्यात, पेटल्या भट्टीशेजारी,
आमच्या तिघांच्या मध्ये
नाक आलं,
शिंक यायच्या आधी असतं तसं,
आणि गेलं.

पाच तोलले. एकशे सात ग्रॅम.
भाव सांगितला, पैसे मोजून दिले.
सहावा त्यांनी उचलून घेतला.
"हा राहू द्या. घरी मिठाच्या बरणीत चमचा नाही."

मीठ चांदी खातं,
हे सांगायचं होतं मला.
नाही सांगितलं.