अक्षर काढ, अक्षर दे

रात्री साडेअकराला मढवींचा फोन: काटा बंद.
म्हणजे काटा चालू आहे,
खालच्या लोखंडाला वजन कळतंय,
पण संगणक पावती देत नाही
आणि महाप्याच्या वळणापर्यंत चौदा गाड्या उभ्या.

दुपारीच तिथली डिस्क बदलून आलो होतो.
पेनड्राइव्ह लावला, सिस्टीम चढवली, चहा प्यायलो,
हिरवी पट्टी शंभरावर पोचली, निघालो.
पट्टीकडे पाहिलं,
अक्षरांकडे पाहायचं राहिलं.

आता पाहिलं.
माझा पेनड्राइव्ह, आठ जीबीचा, किल्ल्यांच्या जुडग्यातला,
तासाभराचा पाहुणा,
तोच सी होऊन बसला होता.
डी, ई, एफ, जी म्हणजे कार्ड रीडरच्या चार खाचा
ज्यांत आजवर धुळीशिवाय काही गेलेलं नाही.
आणि सगळा संसार जिच्या पाठीवर
ती डिस्क रांगेत शेवटी: एच.

पाहुण्याला मी खिशात घालून घरी नेला,
सीची जागा रिकामी झाली,
तरी डिस्क पुढे सरकली नाही.
बसताना जे अक्षर मिळालं
ते हाडात उतरतं. नंतर खरवडता येत नाही.

काट्याचं सॉफ्टवेअर जुनं.
ज्याने लिहिलं तो पूर्वी कळव्याला राहायचा,
आता नंबर लागत नाही.
त्याने पत्ता एकच शिकवलाय: सी, मग काटा, मग पावत्या.
ते बिचारं त्याच दारावर टकटक करत राहतं
आणि दर वेळी सांगतं, घरी कुणी नाही.

नामक्कलचा एक ड्रायव्हर खिडकीत येऊन
मनगटावर बोट ठेवून गेला.

कॅबिनेट उघडलं. रीडरची वायर उपसली.
चार खाचा एका झटक्यात यादीतून गेल्या.
मग काळा पडदा, पांढरी अक्षरं.
यादी दाखव.
हा व्हॉल्यूम निवड, अक्षर काढ.
तो निवड, अक्षर दे: सी.
एकदा स्पेलिंग चुकलं,
डिसेंबरात रबाळ्यालाही बोटं गारठतात.
पुन्हा यादी. पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदाही पाहिलं.
मग सिस्टीम पहिल्यापासून. चाळीस मिनिटं.

मढवी स्टुलावर बसले, पायांत मोजे, डोक्याला मफलर.
म्हणाले, या काट्याखाली आमचा शेत होता.
नाव होता चिंबोरखाच.
भरतीला बांधावर चिंबोऱ्या चढायच्या, म्हणून.
आता कागदावर प्लॉट डी, पुढे आकडा.
पोराला विचार, आकडा पाठ हाय त्याला.
मी पट्टीकडे बघत राहिलो.
एकोणसाठ टक्क्यांवर ती नेहमी अडते.

तेवढ्यात त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं:
सीपासून सुरू? मग ए, बी कुठं गेले?
म्हटलं, ते फ्लॉपीचे.
चपट्या चौकोनी असायच्या, आता मिळत नाहीत.
मग ती अक्षरं?
ठेवलीत तशीच. मशीन आपणहून
कुणाला देत नाही.
परत कोण येनार नाय, तरी?
तरी.
ते थोडा वेळ गप्प बसले.
मग म्हणाले, बरा हाय,
आणि बाहेर जाऊन पहिल्या गाडीला हात केला.

गाडी चढली. लोखंड किंचित दबलं.
प्रिंटरने घसा खरवडून कागद बाहेर काढला:
भरलेली अठ्ठावीस हजार चारशे वीस किलो.
तारीख मात्र चुकीची, दोन हजार दोनची.
घड्याळाचा सेल गेला असणार.
उद्या आणतो म्हटलं.
वरची वायर मी अजून सैलच ठेवली आहे.