सही-शिक्क्याची नक्कल

खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, प्रकरण नंबर?
म्हटलं, नाही आठवत.
निकालाची तारीख?
तीही नाही. हिवाळा होता एवढं नक्की,
कारण कोर्टाबाहेर भरताच्या वांग्यांची गाडी उभी होती
आणि वडील म्हणाले होते,
आलोच आहोत तर दोन किलो घेऊन टाकू.

तो हसला नाही. चांगला माणूस असावा.
साल तरी सांगा, बाई.
सत्त्याण्णव. नाहीतर अठ्ठ्याण्णव.
मग इथे अमळनेरात असेल तर असेल,
नाहीतर दप्तर जळगावला गेलं असेल,
नाहीतर वाळवीला.

बाकावरचा म्हातारा शिपाई सरकून बसला.
बठ माय, म्हणाला, सापडी जाई.
आठेनं काही कोठेच जात नही.

तुमच्या नावाने नाही लागणार, कारकून म्हणाला.
अर्जदार कोण होतं?
ते.
ते म्हणजे? नाव घ्या ना.

लग्नात नाव घ्यायला लावलं तेव्हा
उंबऱ्यावर चार नणंदा आडव्या उभ्या होत्या,
मी गिलक्याच्या भाजीवरून काहीतरी जुळवून
कशीबशी आत सुटले होते.
इथे यमक नव्हतं.
सव्वीस वर्षं तोंडात न आणलेलं नाव
खिडकीच्या गजांतून मोठ्याने घेतलं,
दोनदा,
कारण मागे झेरॉक्सचं मशीन चालू होतं.
भालचंद्र निकुंभ.
भालचंद्र रामदास निकुंभ.

अर्जात रकाना होता : नक्कल कशासाठी हवी.
मी लिहिलं : सेवापुस्तकातील वारसाचे नाव कमी करणेसाठी.
उपकेंद्रात बत्तीस वर्षं सुया टोचल्या,
हजारभर बाळंतिणींची नावं वहीत बिनचूक चढवली,
आणि स्वतःच्या पानावर वारस म्हणून
अजून हाच माणूस.
ऑफिसातला पोरगा म्हणतो, मॅडम, हुकूमनामा आणा,
तोंडी घटस्फोट आम्हाला चालत नाही.
मूळ कागद आईकडे होता.
आईने तो इतका जपून ठेवला
की कुठे ठेवला ते तिच्याबरोबरच गेलं.

तिसऱ्या खेपेला सापडलं.
लाल फडक्यात, सुतळीची गाठ नवी.
जुन्या दप्तराला नवी सुतळी कशी, मी विचारलं.
माघात एकदा निघालं होतं, कारकून म्हणाला
आणि नकलांचं रजिस्टर माझ्याकडे फिरवलं.
हाच नंबर. हेच नाव.
अर्ज करणार : सिंधूबाई भालचंद्र निकुंभ, राहणार पारोळा.
नाते : मयताची पत्नी.
कारण : कुटुंब निवृत्तिवेतन.

मयत.
हा शब्द मी तीनदा वाचला,
जसं एखाद्या बाळाचं वजन पुन्हा पुन्हा करून बघावं.
सही कच्ची होती, अक्षरं ओळ सोडून खाली उतरलेली.
तिलाही हाच कागद लागला होता तर.
मी त्याची कुणी नाही हे दाखवल्याशिवाय
ती त्याची कुणी ठरत नव्हती.

कारकून हळू आवाजात म्हणाला,
बाई, मग तुमचं काम मृत्यूच्या दाखल्यावरही होईल.
कशाला या नकलेचे पैसे भरता?
मी तिकीट अर्जाला चिकटवून झाले होते.
नको, म्हटलं. मला हाच द्या.
का, ते त्याने विचारलं नाही,
आणि विचारलं असतं तर मलाही
नीट सांगता आलं नसतं.

तिच्या खालची ओळ माझी.
कुमुदिनी दशरथ खैरनार.
नाते, या रकान्याशी पेन थांबलं.
पक्षकार लिहा, शिपाई म्हणाला, शुद्ध मराठीत.

धुळ्याच्या गाडीला वेळ होता.
स्टँडवर अकरा पानं उलटून पाहिली.
माझी जबानी मला परक्या बाईची वाटली,
फार नम्र, फार थोडं बोललेली.
शेवटी परत मिळालेल्या वस्तूंची यादी :
पितळी हंडा एक. डबे सहा, झाकणे पाच.
शिलाई मशीन एक.
त्यापुढे कंसात, टाइप करणाऱ्याने की कुणी,
बारीक शाईने लिहिलेलं :
सुई नाही.