ओलं पान

पान ओलं करावंच लागतं.
कोरडं पान कात्रीखाली चुरा होतं,
हे विडी घरकुलातलं शेंबडं पोरही सांगेल.
तेव्हा प्रश्न पाण्याचा नाहीच.
प्रश्न आहे, किती.

सव्वीस वर्षं मी शाखेत पान तोलून देतो.
मुनीम गड्डम बोटांनी हवेत दाखवतो: इतकं.
तोंडानं कधीच सांगत नाही.
दोन तांबे पान मऊ करतात,
तिसरा नुसता काट्यासाठी.

तिसऱ्या तांब्याचं वजन
नागमणीच्या घरापर्यंत टिकत नाही.
एप्रिल, त्रेचाळीस अंश,
डोक्यावरचं गाठोडं डोक्यावरच हलकं होतं.
मग हजार विड्या भरत नाहीत,
कमी पडलेलं पान ती पदरचे पैसे घालून आणते
आणि सकाळी सूप घेऊन रांगेत उभी राहते.
"तुमी देवमानूस की फिलीपअण्णा,
दर आयतवारी चर्चला जाता."
मी म्हणतो, पुढं सरका.

मी एक पानही घरी नेलेलं नाही.
विडीसुद्धा ओढत नाही.
दहाच्या दहा आज्ञा पाठ आहेत मला,
त्यात तांब्याचा उल्लेख
कुठंच नाही.

झावळ्यांच्या रविवारी नातीचा बाप्तिस्मा झाला.
केतुरा. चार महिन्यांची, टोपी न मानणारी.
हिवाळे पाळकांनी नुसती बोटं बुडवली
आणि तिच्या टाळूवर पाणी सोडलं,
एकदा, दोनदा,
तिसऱ्यांदा माझी मूठ खिशात आवळली गेली.
बाळ दचकलं, रडलं नाही.
केवढंसं पाणी.
पुरलं.

दुपारी शीलवंतीला सगळं सांगितलं.
ती भाकरी उलटत म्हणाली,
"आपल्याला पाणी पाचव्या दिवशी,
अन् तुम्ही ते पाल्यावर ओतता?"
मग तवा उतरवून, हळू आवाजात,
"नोकरी गेली तर धाकट्याची आयटीआयची फी
कोण भरणार, तेवढं पण विचारा त्याला."

रात्री गुडघे टेकून विचारलं.
उत्तर आलं नाही.
पहाटे साडेतीनला नळ आला.
दोघं उठलो, हंडे भरले.

सोमवारी तिसरा तांबा हातात घेतला,
आणि तो मी प्यालो.
उभ्या उभ्या, गटागटा, शर्ट भिजेपर्यंत.
गड्डम पंख्याखालून हसला, "तहान?"
"ऊन लई हाय," मी म्हणालो.
ऊन होतंच.
तरी ते खोटं होतं.

मंगळवारी तो काट्याशेजारी खुर्ची टाकून बसला.
मी ओतला.
पूर्ण. थेंब झटकून.

बुधवारी नागमणी आली.
सुपात विड्या, वर फडक्यात बांधलेलं काहीतरी.
रांगेतल्या बायांना पाठ करून
तिनं ते माझ्यापुढं सरकवलं.
"सोमवारी तोलताना चुकलात की अण्णा.
हजार वळून एवढं उरलं.
मुनीम बगितला तर तुमच्या पगारातून कापंल,
म्हणून आनलं."

मूठभर पान. नीट थर लावलेलं,
वाळून तांबूस झालेलं.

काय म्हणायला हवं होतं मला?
की चूक सोमवारी नव्हती बाई,
चूक सव्वीस वर्षांची आहे,
सोमवारी फक्त काटा सरळ झाला होता?
मागं शमशाद उभी, तिच्यामागं यल्लव्वा, तिच्यामागं
फाटकापर्यंत सुपंच सुपं.
मी वही उघडली.
दिलेल्या पानाचा रकाना आहे,
छाट काढलेल्या विड्यांचा आहे,
परत आलेल्या पानाला
कधी कुणी रकाना पाडलेला नाही.

फडकं मी घरी आणलंय.
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा पान घरी आलं.
शीलवंतीनं विचारलं, हे काय,
मी म्हणालो, ठेव,
बायबलाशेजारी नको, चुलीशेजारी नको,
कुठं ते सांगता आलं नाही.

उद्या गुरुवार.
गड्डम नऊला येतो.
मी साडेआठला जाणार आहे.
तांबे तीनच आहेत शाखेत,
तिसऱ्याला बुडाशी भोक पाडायला
एक खिळा पुरेल,
पण ते तर पुन्हा लपून केलेलं काम.

तोंडानं सांगावं लागेल.
तोंड कोरडं पडलंय आतापासूनच.