ठसका

नीलमनगरच्या शेडमध्ये चाळीस माग
एकदम चालतात तेव्हा
भाषा दाराबाहेर, चपलांजवळ राहते.
नायनांची तेलुगू, इरप्पाची कन्नड,
महेबूब जॉबरची सगळ्यांतली थोडी थोडी,
तिथंच, धूळ खात.

आत नुसते हात.
दोन बोटांची कात्री : तार तुटली.
मूठ फिरवली : कांडी संपली.
अंगठा ओठाला : चहा.
आणि कानाची पाळी ओढली की शेठ आला.
पाळीच का, कुणाला ठाऊक नाही;
पहिल्यांदा ज्यानं ओढली तो कधीच गेला.
शब्दांचंही असंच होत असावं.

मी डबा घेऊन गेले त्या रात्री लाइट गेली.
चाळीस माग एका दमात गप्प.
नायना बोटांनी मला काही सांगत होते,
वाक्य अर्ध्यावर राहिलं.
अंधारात उचललेले हात
उचललेलेच असतील, दिसणार कुणाला?

मग कुठून तरी "होऽऽ".
मागच्या रांगेतून "हूं".
शब्द नव्हेच. श्वासाला दिलेलं एक वळण :
मी इथं आहे, तू आहेस का.

तेव्हाही असंच झालं असेल.
लाख वर्षांपूर्वी की दहा लाख, मोजायला कोण होतं?
विस्तव विझला असेल,
एका हातात पोर, दुसऱ्यात दगड,
आणि कुणीतरी
घशातून हात पुढे केला असेल.

अंधारातच डबा उघडला.
कडक भाकरी, शेंगाचटणी कोरडी ठणठणीत.
नायनांना ठसका लागला, थांबेचना.
महेबूबचाचा पाठ थोपटत म्हणाले,
"कोण तर याद करायलंय बघा तुम्हाला."

पुढं कॉलेजात वाचलं :
बोलता यावं म्हणून स्वरयंत्र खाली सरकलं
आणि घासाची नि श्वासाची वाट
एका चौकात आली.
म्हणजे प्रत्येक ठसका ही जुनी उधारी.
वर्गात बसून मला एकदम भूक लागली होती.

तर, नायना सावरले.
डोळे पुसले, ते दिसलं नाही, ऐकू आलं.
म्हणाले, "अम्मा, मी मघाशी..."
आणि लाइट आली.
एकेक माग उठला.
त्यांचे ओठ थोडा वेळ हलत राहिले.
मी हातानंच विचारलं, काय?
त्यांनी दोन बोटांची कात्री केली
आणि मागाकडे वळले.