रंगवलेला माठ

आमच्या शाळेत थर्मामीटर एकच.
त्याचा पारा मधे तुटलाय,
तुटल्या जागी एक अंश रिकामा,
तो वजा करायचा, हे सातवीला पाठ आहे.

एप्रिल. सकाळची शाळा.
साडेनऊला पत्रे कडकड वाजू लागतात.
प्रसरण, असं पोरंच एकमेकांना सांगतात,
मागच्या आठवड्याचा धडा.

मी विचारलं,
कंपाउंडरने सुईआधी स्पिरिट लावलं
की दंड गार का पडतो?
"सुईच्या भेवानं," मोरेश्वर नेवारे म्हणाला.
हसणं संपेपर्यंत मी थांबलो.

मग सांगितलं, द्रवाचे सगळे कण सारखे पळत नाहीत.
जे चपळ, ते वरून निसटतात,
जसे तुमच्यातले काही मोहफुलं वेचायला
हजेरी झाली की निसटतात,
आणि मागे उरलेला वर्ग कसा
निवांत, थोडा पेंगुळलेला.
तो निवांतपणा म्हणजे गारवा.

फळ्यावर माठ काढला.
छिद्रं, झिरपणं, बाण वरच्या दिशेला.
पाणी उडतं, उडताना उष्णता नेते,
म्हणून माठातलं पाणी थंड.
खडू ठेवला. हात झटकले.

मागून भाविका बोरसरे,
कुंभारमोहल्ल्यातली, वर्षभर गप्प असलेली:
"मंग आपला काहून नाई करत थंडा, गुरजी?"

सव्वीस मुंडकी व्हरांड्याकडे वळली.
तिथे शाळेचा माठ.
ग्रामपंचायतीने प्रजासत्ताक दिनाला ऑइलपेंटने रंगवलेला,
बुडाशी निळा, पोटाला पांढरा,
वर लाल अक्षरांत 'पाणी जपून वापरा'.
जपून वापरलं जायचं खरं.
इतकं कोमट की कोणी पीतच नसे.

"तुमी त्याले पेन मारला.
आमचा बाबा मातीत भाताचा कोंडा मिसळते.
आव्यात कोंडा जळून जाते,
तेवढी जागा रिकामी रायते.
थेच त्याचं नाक. तुमी थेच बुजवलं."

अकरा वर्षं मी हा धडा शिकवतोय.
कोंड्याचं पुस्तकात नाही.

दुसऱ्या दिवशी ती चुंबळीवर कोरा माठ घेऊन आली.
एकाच बोअरिंगचं पाणी, एकच सावली,
सात वाजता दोन्ही भरले.
साडेदहाला हवा एक्केचाळीस.
रंगवलेला छत्तीस.
कोरा अठ्ठावीस.
मोरेश्वरने तीनदा मोजलं,
तिन्ही वेळा एक वजा केला,
मग ग्लासभर पिऊन म्हणाला, "बरोबर आहे."

कोऱ्या माठातलं पाणी बोटभर उतरलं होतं.
कोणी प्यायच्या आधीच.
ती गारव्याची किंमत, मी म्हणालो,
आणि हे वाक्य फळ्यावर लिहावं का
याचा विचार करेपर्यंत घंटा झाली.

रंगवलेला माठ आता ऑफिसात असतो,
त्यात खडू, डस्टर, हरवलेली एक किल्ली.
सरपंचताई आल्या की
अक्षरांची बाजू दाराकडे करतो.

काल पेपर तपासले.
प्रश्न तीन: बाष्पीभवन म्हणजे काय? गुण दोन.
पंचवीस जणांनी पुस्तकातली ओळ लिहिली,
सहा जणांनी ती मधेच सोडली.
भाविकाने लिहिलं:
'पानी जाते तवा रिकाम्या हातानं जात नाई.'

लाल पेन त्या 'न' वर टेकला.
शाईचा ठिपका पडला तेवढाच.
उत्तरसूचीत हे वाक्य नाही.
दोन गुण दिले.

खाली उरलेल्या जागेत
तिनेच मला एक प्रश्न घातला होता:
'पान्यापावसात कोरा माठही थंडा करत नाई.
थे काहून?'
आणि कंसात, माझ्यासारखंच: गुण दोन.

आठवी आमच्याकडे नाही.
जूनपासून ती नागभीडला जाईल, सायकलने.

समासात मी लिहायला घेतलं,
'तेव्हा हवेतच इतकी वाफ असते, की'
आणि खोडलं.
लिहिलं, मोजून सांग.
थर्मामीटर ने. एक वजा करायला विसरू नको.