खाल्ल्या मिठाला

अंगणवाडीच्या रजिस्टरात शेवटचा रकाना शेऱ्याचा.
त्यात मी लिहिते: मामाच्या गावी गेला,
गोवर झाला होता, दोनशे ग्रॅम कमी, आई आली नाही.
अठरा वर्षांत त्या रकान्यात मी स्वतः कधी आले नाही.
फक्त एकदा सुपरवायझर बाईंनी लाल पेनानं लिहिलं,
सेविका बेबीनंदा सहा महिने गैरहजर. कारण, आजारी.

आजारी. जसा काही हिवताप.

त्या साली पऱ्हाटी उपटायच्या दिवसांत
माझी झोप गेली, आणि मला तिची गरजही वाटेना.
रात्री दोनला कुलूप काढून
भिंतीवरचा अननस पुसला, अ अंबाडीचा काढला,
ब बिब्याचा, म मोहाचा, प पळसाचा,
अख्खी बाराखडी आमच्या शिवारातली.
चांगली झाली होती. आजही म्हणते.
पण चार वाजता मी दारं वाजवत सुटले,
पोट्टे उठवा, वजन करायचं.
दारव्ह्याहून तेरा लुगडी उधारीत आणून वाटली.
गिरजाबाईला म्हटलं, मला या लेकरांची
पुढली सारी वर्षं दिसतात.
ती म्हणाली, "बाई, तुह्या पायात चप्पल नाही व."
खाली बाभळीचे काटे. मला लागत नव्हते.

मग एका बुधवारी खाटेवर बसले
ती उठलेच नाही.
समोर पाण्याची घागर, तीन हातांवर.
ते तीन हात मला पोळ्यापर्यंत पुरले.

सासूनं मिरच्या जाळल्या. ठसका साऱ्या घराला लागला,
मला सोडून.
दीर म्हणाला, बाहेरचं आहे.
मला माहीत होतं, आतलं आहे, पण सांगायला
तोंड उघडावं लागतं.

यवतमाळच्या एसटीत नवरा खिडकीशी बसला,
मला आतल्या अंगाला घेतलं.
वाटलं, लोकांनी पाहू नये म्हणून.
फार उशिरा कळलं, खिडकीची भीती त्याला
लोकांसाठी नव्हती.

मंगळवारची ओपीडी. डॉक्टरीण माझ्या पोरीच्या वयाची.
तिनं आजाराचं नाव चिठ्ठीवर लिहिलं, बायपोलर,
मग गोळीचं, लिथियम.
म्हणाली, "काकू, हे एक प्रकारचं मीठच आहे."
मीठ.
मी म्हटलं, आमच्याकडं खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात,
आणि मी तर जागून जागूनच इथवर आले.
ती हसली. मीही हसले असेन,
कारण नवऱ्यानं दचकून पाहिलं.

अजून पाहतो.
सात वर्षं झाली, मी जरा मोठ्यानं हसले
की घर गप्प होतं,
तो फडताळातल्या गोळ्या मोजून येतो.
राग येतो. कधी मीच मोजायला सांगते.
खोटं कशाला बोलू, त्या पहाटेची आठवण येते,
काटे न लागण्याची.

तीन महिन्यांनी रक्त द्यायचं. तहान फार.
मेमध्ये ऊन शेहेचाळीसवर गेलं
की बाटली हातातून सोडायची नाही,
पाणी कमी पडलं तर तेच मीठ उलटतं.
दोघी आयांनी पोरं धाडणं बंद केलं होतं.
एक परत आली. दुसरी
रस्त्यात भेटली की पदर सावरते.

परवा खिचडीचा डबा न्यायला सरपंचाची सून थांबली,
सगळ्या गेल्यावर, चौकटीला नख घासत.
"ताई, तुमच्या त्या मिठाचं नाव काय?"
मी नाव नाही दिलं. मंगळवार दिला,
आणि एसटीची वेळ.
येते म्हणाली. बघू.

आज तेवीस वजनं केली.
सुगतच्या वेळी काटा थरथरला.
काटा चांगला होता, हात माझा होता.
लेकराला पुन्हा झोळीत बसवलं, दुसऱ्या हातानं
मनगट धरलं, थांबले.
अकरा किलो दोनशे.

शेऱ्यात लिहिलं,
सेविकेचा हात कापतो. वजन बरोबर आहे.